पडतो की जाहीर होतो?

सप्टेंबर 2025 च्या शेवटी गावी गेले, तेव्हा तात्या बांधावर उभे होते. म्हणजे आधी जिथे बांध होता, तिथे. आमचं गाव कळंब तालुक्यात, मांजरेपासून कोस-दीड कोसावर. सोयाबीन काढणीला आलं होतं. आठ-दहा दिवस पाण्यात उभं राहून ते काळं पडलं होतं, शेंगांतून कोंब बाहेर आले होते. ओढ्याकडच्या दोन एकरांत तर सोयाबीनही नव्हतं आणि मातीही नव्हती. पिवळट मुरूम उघडा पडला होता आणि कुठून तरी वाहत आलेला पाईपाचा तुकडा त्यात रुतून बसला होता. तात्यांच्या हातात मोबाईल होता. तलाठ्यांना दाखवायला फोटो काढून ठेवा, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. त्यांनी एकही काढला नव्हता.

शेजारच्या वस्तीवर गाड्यांचा ताफा येऊन थांबला. कोण आलं होतं हे महत्त्वाचं नाही, त्या पंधरवड्यात सगळ्याच पक्षांची माणसं बांधावर येऊन गेली. पुढाऱ्यांनी चिखलात चार पावलं टाकली, सडलेलं एक झाड उपटून हातात घेतलं आणि कॅमेऱ्यांसमोर म्हणाले, ओला दुष्काळ जाहीर झालाच पाहिजे. त्याच सुमारास मुंबईहून उत्तर आलं की ओला दुष्काळ असा शब्दच नियमावलीत नाही, मात्र दुष्काळात देतात त्या सवलती देऊ. रात्री टीव्हीवर ह्या एका शब्दावरून भांडण लागलं होतं. तात्या भाकरी कुस्करत ऐकत होते. म्हणाले, "ओला म्हणा का वाळला म्हणा. माती गेली, तिला काय म्हणायचं ते ठरलंय का?"

मराठीत दुष्काळ पडतो. पाऊस पडतो, थंडी पडते, कीड पडते, तसाच. पडणाऱ्या गोष्टीला कुणाची मंजुरी लागत नाही. माझी आजी जन्मभर 'बहात्तरला दुष्काळ पडला' असंच म्हणायची. तिचाच नातू, माझा चुलतभाऊ, म्हणतो, "अठराला आपल्याकडं जाहीर झाला होता. तेवीसला पहिल्या यादीत आपण नव्हतो." एका घरात दोन पिढ्यांमध्ये क्रियापद बदललं. मराठवाड्यात पाण्याबद्दल, मातीबद्दल, उन्हाबद्दल काय बोललं जातं आणि काय बोलायचं राहून जातं, हे ह्या बदललेल्या क्रियापदानंच ठरवलं आहे, असं मला दिवसेंदिवस वाटत चाललंय.

भावाला दोष द्यायचा नाही. जाहीर होण्याला पैसा बांधलेला आहे. शेतसाऱ्यात सूट, वीजबिलात सवलत, कर्जाचं पुनर्गठन, पोरांची परीक्षा फी, टँकर, सगळं त्या एका शब्दामागून येतं. म्हणून गाव निकषांची भाषा शिकलं. चोवीस तासांत महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या एका गटात, 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. नुकसान 33 टक्क्यांच्या वर गेलं की मदत. आमच्या पारावर आता लोक विचारतात, "आपल्या मंडळात पासष्ट बसलं का?" पर्जन्यमापक आमच्यापासून लांबच्या गावात आहे. ढगफुटीसारखा पाऊस आमच्या शिवारात झाला आणि तिथे भुरभुर झाली, तर आमच्याकडे कागदावर काहीच झालेलं नसतं. पावसाबद्दल बोलताना माणसं आता आभाळाकडे बघत नाहीत, मंडळाच्या आकड्याकडे बघतात.

आणि 'सदृश'. ह्या शब्दानं आमच्या भागाचा जेवढा वेळ खाल्ला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशानं खाल्ला असेल. दुष्काळसदृश, टंचाईसदृश. मे 2016 मध्ये उच्च न्यायालयात दुष्काळाची सुनावणी चालू होती, तेव्हा सरकारनं राज्यातल्या सुमारे 29 हजार गावांसाठी कागद काढला की आधीच्या आदेशांत जिथे दुष्काळसदृश लिहिलंय तिथे दुष्काळ असं वाचावं. तोवर उन्हाळा संपत आला होता. 2023 मध्ये 31 ऑक्टोबरला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, ओरड झाल्यावर पुढे 1021 महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. ही केवढी मोठी बातमी! पण आमच्याकडे चर्चा झाली ती यादीची. अमक्या मंत्र्याचा तालुका आत कसा, आमचा बाहेर का. आंदोलनं झाली, निवेदनं गेली, तहसीलपुढे ठिय्या झाला. सगळं रास्त होतं. पण ऑगस्ट कोरडा का गेला, पुढे असे किती ऑगस्ट येणार, आणि आले तर आम्ही पेरायचं काय, हे विचारायला कुणाच्याही भाषणात जागा नव्हती.

मी नऊ वर्षं लातूरला एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. बातमीदारांकडून मजकूर यायचा, मी मथळे द्यायची. वरुणराजा रुसला. निसर्गाचा कोप. निसर्गाच्या लहरीपणाचा फटका. बळीराजा हवालदिल. हे मथळे मी शेकड्यांनी दिले आहेत आणि आज ते आठवले की अपराधी वाटतं. रुसलेल्या राजाला प्रश्न विचारता येत नाही, त्याची फक्त मनधरणी करता येते. आपल्या जुन्या भाषेत अस्मानी आणि सुलतानी असे दोन वेगळे शब्द होते, कोणतं संकट कुणाच्या खात्यावर मांडायचं हे त्यातून कळायचं. मी आणि माझ्यासारख्यांनी मथळ्यामथळ्यातून सुलतानीची रक्कम अस्मानीच्या खात्यावर चढवली. पुढाऱ्याच्या भाषणातलं वाक्य आम्ही मथळ्यात घ्यायचो, आणि आमचा मथळा त्याच्या पुढच्या भाषणात यायचा.

आजीच्या दुष्काळाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. बहात्तरला तात्या दहा वर्षांचे होते. आजी खडी फोडायला जायची, मग गावाच्या खालच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं तिथे घमेली वाहायला. पोरांना सुकडी मिळायची. लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नसे, हे सांगताना म्हातारपणीही तिचं तोंड वाकडं व्हायचं. पण ती दुसरंही एक सांगायची: तेव्हा विहिरीला पाणी होतं, खायला दाणा नव्हता. आता उलटं आहे. रेशनला धान्य आहे आणि बोअर सातशे-आठशे फूट खाली जाऊन फुफाटा उडवतंय. त्या वर्षी लोकांनी जे मागितलं ते काम होतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागणी केली तर काम द्यावंच लागेल, असं सरकारला बांधून घेणारा कायदा. म्हणजे राजकारणाची भाषा संकटातून काही भरीव काढू शकते, हे ह्याच राज्यानं दाखवलेलं आहे. आजीनं वाहिलेल्या मातीचा तो तलाव आजही आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

मग 'मुक्त' आला. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार सुरू झालं, दरवर्षी पाच हजार गावं, आणि घोषणा होती 2019 पर्यंत दुष्काळमुक्त महाराष्ट्र. आमच्या ओढ्यात पोकलेन उतरलं त्या दिवशी गावानं नारळ फोडला. मीही गेले होते, आणि मनापासून आनंद झाला होता. पुढची दोन वर्षं विहिरींना पाणी वाढलं, हे खरं आहे, ते नाकारणार नाही. पण ओढा खोल झाला तसा सरळही झाला. पूर्वी वळणावळणानं, झुडपांत अडकत जाणारं पाणी आता धावत जातं. माथ्यावरच्या उतारावर बांधबंदिस्ती, गवत, झाडं हे काम आधी करायचं असतं. ते हळू होतं, त्याचं बिल लहान असतं आणि उद्घाटनाला ते दिसत नाही.

एका ग्रामसभेत गावातल्या निवृत्त कृषी सहायकांनी हे बोलायचा प्रयत्न केला. नकाशा घेऊन आले होते. त्यांचं दुसरं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मागून आवाज आला, "तुम्ही कोणत्या पक्षाचे ते सांगा आधी." ते शांतपणे नकाशाची गुंडाळी करून खाली बसले. ती गुंडाळी मी विसरलेले नाही. 'दुष्काळमुक्त' म्हटलं की त्यावर शंका घेणारा माणूस दुष्काळाच्या बाजूचा ठरतो. घोषणेत कामाचा शेवट आधीच सांगून टाकलेला असतो, मग मधली मोजणी करणारा विघ्नसंतोषी वाटतो. 2018 ला पाऊस गेला. 2019 च्या उन्हाळ्यात राज्यात सहा हजारांहून जास्त टँकर धावत होते आणि बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या लागल्या होत्या. 2020 मध्ये कॅगचा अहवाल आला, त्यात भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम झाला नाही असं नोंदवलं होतं. तेव्हा सरकार बदललेलं होतं. एका बाजूनं अहवालाचा दगड केला, दुसऱ्या बाजूनं अहवालालाच राजकीय ठरवलं. ओढ्याचं काय चुकलं आणि काय बरोबर होतं, हे त्या निमित्तानं गावात बसून बोलता आलं असतं. कुणी बोललं नाही.

आता ऊस. लातूरला 2016 मध्ये पाण्याची रेल्वे आली, ते दिवस मी तिथेच काढले. मांजरा धरण कोरडं, मार्चपासून पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी, आठ-आठ दिवसांनी नळ. 11 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी निघाली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला 25 लाख लिटर. एका रात्री कार्यालयात बसून मी हिशेब मांडला. एक हेक्टर उसाला मोकाट पाणी दिलं तर वर्षाला साधारण दोन कोटी लिटर लागतं. म्हणजे आठ गाड्या. एका हेक्टरला मिरजेच्या आठ गाड्या. मी त्याचा चौकटीतला मजकूर केला. तो छापला गेला नाही. जागा नाही, असं कारण मिळालं.

कारखान्याचे अध्यक्ष ज्या-त्या पक्षात आहेत, त्यामुळे ऊस हा कोणत्याच पक्षाच्या भाषणात येत नाही. सत्ताधारी आणि विरोधक जिथे एकत्र गप्प बसतात, तिथे कान लावायला मी त्या वर्षी शिकले. पण उसाला शिव्या घालणाऱ्या शहरी लेखांचाही मला तितकाच राग येतो. तात्यांच्या धाकट्या भावाचा दीड एकर ऊस आहे. 2025-26 ला उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान भाव, क्विंटलला 355 रुपये होती. कारखान्यानं पैसे उशिरा दिले तरी देतो. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव 5328, आणि बाजारात विचारलं तर त्याच्या खाली. पुरात सोयाबीन सडलं, ऊस आडवा झाला पण जगला. माणूस ऊस लावणार नाही तर काय करेल? ज्वारी, करडई, तूर, हरभरा ह्यांना उसासारखी खरेदीची खात्री दिली असती, तर हा प्रश्न शेतकऱ्याच्या हावरेपणाचा राहिलाच नसता. हे भाषणात सांगायला अवघड नाही. ते सांगितलं की कारखान्याचं पाणी मोजावं लागतं, म्हणून टाळलं जातं.

त्याऐवजी काय बोललं जातं? समुद्रात 'वाया' जाणारं पाणी. कोकणातल्या नद्यांचं पाणी उचलून गोदावरीत आणू, कृष्णेचं पाणी बोगद्यानं आणू. कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाचे 23.66 टीएमसी (अब्ज घनफूट) हा आकडा आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. मराठवाड्यावर अन्याय झाला, अनुशेष राहिला, हे मी मानते आणि त्यासाठी भांडायलाच हवं. जायकवाडीचंही तसंच. 2005 च्या कायद्यानं खोऱ्यात समन्यायी वाटप मान्य केलं, धरण 65 टक्क्यांच्या खाली असलं तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं ठरलं, तरी तुटीच्या वर्षी हक्काच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. 'हक्काचं पाणी' हा शब्द मला प्रिय आहे. पण 'वाया' ह्या शब्दाची मला भीती वाटते. नदी समुद्राला मिळणं म्हणजे वाया जाणं, असं एकदा मनात रुजलं की शेतात पडलेलं पाणी ओढ्यातून धावत जाताना आपल्याला काहीच वाटत नाही, कारण पाणी दुरून, बोगद्यातून, कुणी तरी आणून देणार आहे. 2025 च्या सप्टेंबरात जायकवाडीतून दोन लाख क्युसेकहून जास्त विसर्ग होत होता, पैठणपासून नांदेडपर्यंत गोदाकाठ पाण्यात होता, आणि त्याच आठवड्यात मी एका सभेत तुटीच्या खोऱ्यात पाणी आणण्याचं भाषण ऐकलं. दोन्ही खरं होतं. दोन्ही एकाच वाक्यात बसवणारी भाषा तेवढी आमच्याकडे नव्हती.

जुन्या माणसांकडे ती होती. आजी पावसाला नक्षत्रानं ओळखायची. मिरग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, पुढे मघा, हस्त. पडतील स्वाती तर पिकतील मोती. कोणता पाऊस कोणत्या पिकाला, केवढा, कधी, हे सगळं त्या नावांत होतं. हवामान बदलानं नेमकी तीच वाटणी मोडली आहे. दीड महिना ताण आणि मग चार तासांत महिन्याचा पाऊस. पण हंगाम संपल्यावर निवेदन येतं की विभागात सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला, आणि ते चूक नसतं. सरासरीत ऑगस्टची तहान आणि सप्टेंबरचा पूर एकमेकांना पुसून टाकतात.

'हवामान बदल' हा शब्द आमच्या गावात आला तो योजनेच्या फलकावर. 2018 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, हवामान अनुकूल शेतीसाठी, मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतल्या निवडक गावांत. गावोगावी त्याचं नाव पोकरा. पोकरात काय मिळतं? शेडनेट, तुषार संच, शेततळं, मोटार. कामं चांगली झाली काही ठिकाणी. पण हवामानाशी त्याचा संबंध काय, हे विचारलं तर अनुदानाची टक्केवारी सांगितली जाते. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच शब्दाचा दुसरा उपयोग सुरू झालाय. पूल वाहून गेला, हवामान बदल. नाल्यावर प्लॉटिंग होऊन वस्तीत पाणी शिरलं, हवामान बदल. धरणाचं पाणी सोडल्याची सूचना खालच्या गावांना वेळेत गेली नाही, हवामान बदल, जगभर चाललंय, आमच्या हातात काय? वरुणराजा गेला आणि त्याच्या गादीवर हा नवा राजा बसला. ज्या शब्दानं माणसाचा हात दाखवायचा होता, त्याच शब्दाआड हात लपवला जातोय, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पॅकेज जाहीर झालं, 31,628 कोटींचं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि तीन लाखांपर्यंत रोजगार हमीतून. भावानं हिशेब केला, कागद गोळा केले. तात्यांना मी म्हटलं, बघा, मातीलाही शब्द मिळाला, 'खरडून गेलेली'. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, चल तळ्याकडं.

आजीनं माती वाहिलेला तो पाझर तलाव. 2019 च्या उन्हाळ्यात तो तळापर्यंत आटला होता, तेव्हा गाळयुक्त शिवारातून तात्यांनी ट्रॅक्टरच्या साठ खेपा गाळ काढून त्याच दोन एकरांत पसरला होता. पुढच्या वर्षी तिथलं सोयाबीन कमरेला लागलं. आता तलाव काठोकाठ भरलेला, सांडव्यावरून पाणी चाललेलं, पलीकडे बगळे. इतकं पाणी मी त्या तलावात लहानपणापासून पाहिलं नव्हतं. तात्या भिंतीवर बसले, पायाशी वाळलेला चिखल सोलत राहिले.

"आपली माती कुठं गेली न्हाई," ते पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हितंच हाय, खाली. तळं आटलं की काढू."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "किती सालानं आटंल गं, बाई?"